केसभर मागं

“एक अट आहे, हौसा,” ताईसाहेब म्हणाल्या. “चाकं पहिल्यांदा उघडशील तेव्हा रसूलचाचा इथं नकोत.”

माझ्या वर्कशॉपात आणलेल्या गाडीच्या ताडपत्रीची दोरी मी सोडत होते, ती तशीच हातात राहिली. गिऱ्हाईक अटी घालायला लागलं की माझं डोकं सटकतं. काम कसं करायचं ते मला शिकवणार असाल तर घरी नेऊन तुम्हीच करा, असं मी भल्याभल्यांना तोंडावर सांगितलंय. कोल्हापुरात, उद्यमनगरात, बाईमाणसानं लेथ चालवायचा म्हणजे जिभेला धार ठेवावी लागते. माझ्या बापानं जाताना दोनच गोष्टी माझ्या हवाली केल्या, एक त्याचा लेथ आणि दुसरी त्याची जीभ.

“अहो, चाचांनी ही गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली, आणि त्यांनाच बाहेर काढायचं?”

“बाहेर कुठं काढायचं म्हणतेय? नंतर हवं तितकं बसू देत. फक्त उघडताना नकोत.” काठीवर दोन्ही हात टेकून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “एवढं ऐक माझं.”

ऐकलं. ताईसाहेबांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

गाडी त्यांच्या वडिलांची, डॉक्टर रणभिशांची. विलायतेहून आलेली, लांबलचक, साईच्या रंगाची. रसूल शिकलगार तिचे ड्रायव्हर. ती गाडी रस्त्यानं गेली की लहानपणी आम्ही पोरं खेळ सोडून बघत उभी राहायचो. मग एकदा विजयदुर्गला जाताना करूळ घाटात तिचा ब्रेक गेला. चाचांनी गाडी डोंगराला घातली, म्हणून दरीत गेली नाही. डॉक्टर मागं बसले होते, त्यांना खरचटलंही नाही. ताईसाहेब पुढच्या सीटवर होत्या. कॉलेजात होत्या तेव्हा, धावण्याच्या शर्यतीत पहिल्या यायच्या. डावा पाय जो चेंगरला तो कायमचाच. तेव्हापासून हातात काठी.

डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं, दगड उडून ब्रेकची नळी फुटली, कुणाचा काही दोष नाही. पण चाचांनी स्टिअरिंगला परत हात लावला नाही. “पेडल दाबलं,” ते सांगायचे, “पाय खाली गेला, आन् खाली कायच न्हवतं.” अपघातानंतर ते डॉक्टरांच्या बंगल्यातली बाग बघायला लागले. गंमत म्हणजे लायसन्स मात्र मुदत संपली की नवं करून आणायचे. का, ते त्यांनाच ठाऊक.

आणि गाडी बंगल्याच्या मागं ताडपत्रीखाली उभी राहिली. जुन्या गाड्यांचे षौकीन मुंबई-पुण्याहून यायचे, तोंडाला येईल ती किंमत बोलायचे. डॉक्टर त्यांना चहा पाजायचे आणि ताडपत्रीला हात न लावू देता वाटेला लावायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलंय.

डॉक्टर गेले, आणि वर्ष सरायच्या आत ताईसाहेबांनी गाडी काढली. सांगलीच्या एका कारागिरानं इंजिन केलं, पत्रा केला, रंग दिला. चाकांना मात्र त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. ते काम माझ्याकडं आलं.

“चाचांनी कबूल केलंय,” त्या दिवशी जाताना त्या म्हणाल्या. “ब्रेक धडके झाले तर घाट तेच उतरवणार. आम्हाला विजयदुर्गला अजून पोचायचंय. आणि त्यांना नाहीच जमलं, तर गाडी विकून टाकेन. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मला ती बघायची नाही.”

चाचा शुक्रवारी दुपारी मशिदीत जात. मी शुक्रवारची वाट बघितली.

आता कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. या गाडीच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिच्यावर जबड्यासारखा एक भाग बसवलेला असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. पेडल दाबलं की तेल रेटलं जातं, तेल पिस्टनला पुढं ढकलतं, आणि तबकडी दोन्हीकडून चिमटीत सापडते. पिस्टनभोवती खाचेत रबराचं एक बारीक कडं असतं. तेल गळू नये म्हणून. म्हणजे तेव्हा माझी तशी समजूत होती. मी आजवर केलेले ब्रेक जीपचे आणि ट्रकचे, आतून फाकणारे. हा प्रकार पहिल्यांदाच हातात येत होता. ते अर्थातच मी ताईसाहेबांना सांगितलं नव्हतं!

पिस्टन हलायला तयार नाहीत. ठोकून बघितलं, हवा मारून बघितली. शेवटी ग्रीसगन लावून मागून ग्रीस भरत गेले, तेव्हा एकेक जण कुरकुरत बाहेर आला, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा. आणि मागची रबरं बघून मी कपाळाला हात लावला. चौकोनी धारेचं, सडपातळ असायला हवं ते कडं. हे फुगून खाचेत गच्च रुतलेलं. सुईनं टोकरून तुकड्यातुकड्यानं काढावं लागलं. चारही चाकांत तीच गत. तबकड्या तापून निळ्या पडलेल्या.

“रॉकेल!” मी मोठ्यानं म्हणाले.

आमच्या उद्यमनगरात सगळं रॉकेलातच धुतात. बेअरिंग धुवा, गिअर धुवा, संध्याकाळी हातही त्यातच धुवा. लोखंड कसं लख्ख होतं. पण हे रबर रॉकेल पितं आणि फुगतं. बापानं मला अगदी सुरुवातीलाच बजावलं होतं, ब्रेकचं रबर ब्रेकच्याच तेलात धुवायचं. कुठल्या गॅरेजातल्या शहाण्यानं हा उद्योग केला असेल, त्याच्या सात पिढ्यांचा मी तिथंच उद्धार केला.

मग सहज नळ्या बघितल्या. सगळ्या जुन्याच होत्या, मूळच्या. एकही बदललेली नाही, एकही फुटलेली नाही. मला जरा चमत्कारिक वाटलं. पण मी कोण चौकशी करणार? माझं काम ब्रेकचं.

नवे पिस्टन मी स्टेनलेसच्या सळईतून लेथवर काढले. रबरांचे सेट ताईसाहेबांच्या भाच्यानं विलायतेहून पाठवले होते, एक जादाचाही होता. पहिला कॅलिपर जुळवला आणि माझ्या लक्षात आलं, की स्प्रिंग कुठाय? पाय काढल्यावर पिस्टन मागं ओढायला स्प्रिंग नको? जीपला असते, ट्रकला असते. उघडताना पडली असणार. मी सगळं वर्कशॉप पालथं घातलं, लोहचुंबक बांधलेली काठी कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवली. स्क्रू मिळाले, हरवलेली पान्ह्याची टोपी मिळाली, स्प्रिंग काही मिळेना. पिस्टनच्या आत बघितलं, बाहेर बघितलं. स्प्रिंग बसवायला जागाच नव्हती.

शेवटी म्हटलं, चालतं कसं ते तरी बघू. कॅलिपरला हातपंप लावला, चिमटीत पत्र्याची पट्टी धरली आणि दाब दिला. पट्टी अशी पकडली की दोन्ही हातांनी ओढून सुटेना. दाब सोडला. पट्टी अलगद खाली पडली.

ओढलं कुणी?

बॅटरी लावून, नाक टेकवून बघत परत दाब दिला. तेव्हा दिसलं. पिस्टन पुढं सरकताना ते रबराचं कडं त्याला बिलगून त्याच्याबरोबर जरासं झुकायचं. दाब गेला की ते आपलं आपण सरळ व्हायचं आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागं घेऊन यायचं. केसभरच. पण तेवढ्यानं चाक मोकळं व्हायचं. एवढं धूड वेगानं धावणार, त्यात माणसं बसणार, आणि त्यांना थांबवल्यावर परत सोडायचं काम कुणाचं, तर करंगळीएवढ्या जाडीच्याही नसलेल्या या रबराचं!

मला खरंच भरून आलं. किरणोत्सवाला मावळतीची तिरीप अंबाबाईच्या पायांवर आली की देवळातली माणसं जशी आपोआप गप्प होतात, तशी मी एकटीच तिथं गप्प झाले. पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. दर वेळी ते झुकायचं, दर वेळी परत यायचं.

आणि मग त्या फुगलेल्या रबरांकडं माझं लक्ष गेलं. त्यांना झुकताही येणार नाही आणि सरळही होता येणार नाही. एकदा चाक धरलं की धरलंच. घासत राहणार, तापत राहणार, शेवटी आतलं तेल उकळून त्याची वाफ होणार. आणि वाफ दाबली तर पेडल थेट खाली जाणार. त्या दिवशी करूळ घाटात काय झालं, ते मला तिथं उभ्या उभ्या दिसलं.

दुसऱ्या दिवशी ताईसाहेब चाचांना घेऊन आल्या. तीन कॅलिपर माझे जुळवून झाले होते. चौथा बघून चाचा म्हणाले, “हौसाक्का, एक तरी माझ्या हातानं बसवू दे. जिच्यावर पाय ठेवायचा, तिला हात लावलेला बरा.”

“बसवा की. नाही कोण म्हणतंय?”

ताईसाहेब स्टुलावर बसल्या, काठी मांडीवर आडवी. चाचांनी बाह्या सारल्या, चष्मा पुसला, हात दोनदा धुतले. कागदाच्या पुडीतून रबराचं कडं काढलं, उजेडात धरून फिरवून फिरवून बघितलं. मग बिस्मिल्ला म्हणून ते माझ्या बाकाखालच्या रॉकेलच्या ट्रेमध्ये सोडलं आणि दोन बोटांनी चोळायला लागले.

“चाचा!” मी ओरडलेच. “काढा ते, काढा! रॉकेलात नको!”

त्यांनी दचकून हात बाहेर काढला. “अगं, मग धुतल्याबिगर बसवू? धुळीचा कण ऱ्हायला तर पिस्टन खराब हुतंय.”

“ब्रेकच्या तेलात धुवायचं. रॉकेल पिऊन फुगतंय ते. फुगलं की चाक सोडत न्हाई. असंच कुणीतरी धुऊन ठेवलं होतं, म्हणून तर—”

तोंडातून गेलं ते गेलं. ताईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठं मला त्यांच्या अटीचा अर्थ लागला.

चाचांच्या बोटांवरून रॉकेल ठिबकत होतं. ते त्या थेंबांकडं बघत होते.

“कुणीतरी न्हवं,” ते सावकाश म्हणाले. “निघायच्या आदल्या दिशी मीच धुतली. चारी चाकांची. लांबचा पल्ला, घाट हाय, म्हटलं सगळं नीट करून घ्यावं. रॉकेल बदलून बदलून धुतली. पांढऱ्या फडक्यावर डाग पडंना झाला, तवा बसवली.” जरा थांबून म्हणाले, “गगनबावड्याच्या अलीकडं करपल्याचा वास येत हुता. पुढं उसाचा ट्रक हुता. म्हटलं, त्याचाच असंल.”

त्यांनी मान वर केली.

“दाखव मला. काढलेलं दाखव.”

डब्यात ते तुकडे होते. मी नवं कडं आणि जुना तुकडा शेजारी शेजारी ठेवले. चाचांनी दोन्ही बोटानं दाबून बघितले. मग ते उठले आणि ताईसाहेबांपुढं जाऊन उभे राहिले. हात जोडलेले, बोटं अजून ओलीच.

“ताईसाहेब, तुमचा पाय मी घालवला.”

“मला माहीत आहे, चाचा,” ताईसाहेब म्हणाल्या.

आवाज अगदी रोजचा. चहात साखर किती, असं सांगावं तसा.

“दवाखान्यात होते तेव्हाच बाबांनी सांगितलं. मुंबईहून एक माणूस बोलावून त्यांनी एक चाक उघडून बघितलं होतं. तो म्हणाला, रबरं रॉकेलानं फुगलीत. बाबांनी त्याला ते तसंच बंद करायला लावलं. मग माझ्या खाटेशी बसून म्हणाले, मृणाल, पाय तुझा गेलाय. तेव्हा हे रसूलला सांगायचं का नाही, ते तू ठरव.”

“आन् तुमी...”

“मी म्हटलं, नाही सांगायचं.”

ती ताडपत्री! मनाला लावून घेतलंय म्हणे म्हाताऱ्यानं. गाडी विकली की कुणीतरी चाकं उघडणार, उघडली की कुणीतरी बोलणार, आणि ते बागेत काम करणाऱ्या माणसाच्या कानावर जाणार. तेवढ्यासाठी बापलेकीनं ती गाडी जन्मभर झाकून ठेवली होती. आणि तेव्हा या बाईचं वय ते काय? कॉलेजातली पोर, पाय प्लास्टरमध्ये, धावणं संपलेलं!

चाचा म्हणाले, “मी रोज सकाळी तुमास्नी फुलं आणून द्यायचो.”

“मग? चांगली असतात तुमची फुलं.”

“माहीत असून घ्यायच्या?”

“माहीत असून.”

चाचा खाली फरशीवरच बसले आणि लहान पोरासारखे रडले. ताईसाहेबांनी त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला नाही. मी मेली तिथं पान्हा धरून उभी. माझी ती उद्यमनगरात गाजलेली जीभ टाळूला चिकटली होती.

बाहीनं डोळे पुसून चाचा म्हणाले, “आता त्या सीटवर मी कसा बसू?”

“का? आज नवीन काय झालं?” ताईसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. “कळलंय ते तुम्हाला. मला जुनंच आहे. मी माहीत असूनच तुम्हाला विचारलं ना, घाट उतरवाल का म्हणून? मला वाटलं होतं, नवी रबरं बसली की जुनं कुणाला कळायचं कारण नाही. तुम्ही गाडी चालवाल, आणि तुमच्या पोटातली ती भीती एकदाची जाईल. तसं नाही झालं. आता काय करणार?” मग सावकाश म्हणाल्या, “रबरं तुम्ही धुतलीत, खरं आहे. पण पेडल खाली गेल्यावर गाडी डोंगराला कुणी घातली? तेही तुम्हीच. एक धरायचं आणि एक सोडायचं, असं नाही चालायचं. हौसा, त्यांना तेल दे.”

मी वाटीत ब्रेकचं तेल ओतलं. जादाच्या सेटमधलं एक कडं काढून वाटीशेजारी ठेवलं. रॉकेलात पडलेलं फेकून दिलं.

चाचांनी वाटीकडं हात न्यायला खूप वेळ लावला. ताईसाहेब बसून राहिल्या, मीही बसून राहिले. बाहेर शेजारच्या शेडमधला हातोडा चालू होता. शेवटी चाचांनी साबणानं हात धुतले, कडं तेलात बुडवलं आणि बोटानं खाचेत बसवलं. पीळ राहिलाय का ते बघायला बोट गोल फिरवलं. परत एकदा फिरवलं.

नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून हवा सोडायची. मी गाडीखाली सरकले आणि आत कोण बसणार ते विचारलंच नाही. दार उघडल्याचा आवाज आला. सीटची स्प्रिंग करकरली.

“दाबा,” मी खालून म्हणाले.

“दाबलं.”

“धरून ठेवा.” बुडबुडे आले. मी नट आवळला. “सोडा.”

चाकामागून चाक, दाबा, धरा, सोडा. हळूहळू बुडबुडे कमी झाले, मग नुसतं तेल यायला लागलं, स्वच्छ, मधाच्या रंगाचं. वरून चाचांचा आवाज आला, घोगरा.

“हौसाक्का, पायाला खाली काहीतरी लागतंय गं.”

“लागणारच की!” मी म्हणाले, आणि गाडीखालीच पदरानं डोळे पुसले.

हिवाळ्याचे दिवस होते. आधी चाचांनी आठवडाभर गाडी सपाटीवर फिरवली, हात बसवून घेतला. मग एका सकाळी आम्ही तिघं निघालो. ताईसाहेब पुढं, डावीकडं, त्यांच्या त्याच जागी. मी मागं, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन, डॉक्टरांच्या जागी. गगनबावड्याला चहाला थांबलो. चाचांचा कप तसाच भरलेला राहिला.

“निघायचं?” ताईसाहेबांनी विचारलं.

चाचांनी मान हलवली.

घाट सुरू झाला. खाली कोकणात धुकं भरलं होतं. चाचांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घातली. वळण आलं की पाय पेडलवर, गाडी आज्ञा पाळल्यासारखी हळू व्हायची. पाय उचलला की मोकळी सुटायची. दर वेळी मला चाकांच्या आत ती रबरं दिसत होती, झुकणारी आणि केसभर मागं येणारी. चाचा सारखा वास घेत होते. वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता, दुसरा कसला नाही.

एका वळणावर काळा कातळ रस्त्यात पुढं आलेला. कुणी सांगायची गरज नव्हती. चाचांचा श्वास मला मागं ऐकू आला. त्यांनी पाय दाबला, गाडी मुंगीच्या पावलानं कातळाला वळसा घालून गेली, आणि त्यांनी पाय उचलला. ताईसाहेब समोर बघत होत्या. त्यांनी ना दाराची कड धरली ना सीटची. हात मांडीवर, उघडे. मी आयुष्यात पुष्कळ धीट माणसं बघितली, पण तसे स्वस्थ हात पुन्हा कुणाचे बघितले नाहीत.

पायथ्याला एका आंब्याखाली चाचांनी गाडी उभी केली. उतरले, पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले आणि तळवा मधोमध टेकवला. घाट उतरल्यावर चाकाला हात लावून बघायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची सवय. तिथून उठून दुसऱ्या चाकाकडं गेले, मग मागच्या दोन्ही. परत पहिल्याशी आले आणि हात तसाच ठेवून बसले.

“नुसती कोमट हायत, ताईसाहेब,” ते म्हणाले. “चारी सारखी.”

ताईसाहेबांनी दार उघडलं. मी हात द्यायला धावले तर मला खुणेनं थांबवलं. काठी टेकत त्या चाकापर्यंत आल्या, काठी गाडीला टेकवून ठेवली, आणि तो पाय सावरत मोठ्या कष्टानं खाली वाकल्या. चाचांच्या हाताशेजारी त्यांनी आपला तळवा ठेवला. मी पिशवी घेऊन जरा लांब जाऊन उभी राहिले.

“चला,” थोड्या वेळानं ताईसाहेब म्हणाल्या. “समुद्र अजून लांब आहे.”

चाचांनी त्यांना हात देऊन उठवलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि दार लावून घेतलं.